बाटली भरलेली परत येते तेव्हा

मे महिना सरत आला की आमच्या कोल्हापुरात महाद्वार रोडवर रेनकोट, दप्तरं आणि डब्यांच्या दुकानांत पाय ठेवायला जागा नसते. ज्यांचं मूल पहिल्यांदाच शाळेत जाणार असतं, त्यांच्या घरी तर लगीनघाई. त्यांना सगळेच सल्ले देतात. मला लिहायचंय ते दुसऱ्या घरांसाठी. ज्यांचं मूल एक वर्ष नर्सरीला किंवा खेळगटात जाऊन आलंय, आता छोट्या शिशूत, म्हणजे ज्युनिअर केजीत जाणार आहे, आणि ज्यांना वाटतंय की आता काय, पोर रुळलंय, नवा युनिफॉर्म घेतला की झालं.

आमचंही असंच होतं. आमच्या लेकीची नर्सरी घराजवळच एका बंगल्याच्या तळमजल्यावर भरायची. मुलं मोजकी, शाळा अडीच तासांची. तिथल्या मावशी प्रत्येक पोराचा चेहरा ओळखून होत्या. कुणी पाय आवळून उभं राहिलं की न विचारता हात धरून न्यायच्या. बाथरूम घरच्यासारखंच, बसकं भांडं, बादली, मग. चार वर्षांची झाल्यावर तिला मोठ्या शाळेत घातलं. चांगली इमारत, मोठं मैदान, शिकवणाऱ्या टीचरही प्रेमळ. शाळा साडेआठ ते साडेबारा. पण व्हॅनमध्ये ती पावणेआठलाच चढायची आणि सगळ्या पोरांना सोडत सोडत दीडच्या सुमारास घरी यायची.

हा हिशेब मी मुद्दाम मांडतेय. अडीच तासांच्या शाळेत मूल एकदाही शूला गेलं नाही तरी निभावतं. निघताना घरी जाऊन येतं, परतल्यावर घरी जातं, कुणाच्या लक्षातही येत नाही. वर्षभर शाळेत जाऊन आलेल्या मुलाला शाळेचं बाथरूम वापरता येतं असं आपण धरून चालतो, आणि प्रत्यक्षात ते त्यानं कधी वापरलेलंच नसतं, किंवा मावशींनी धरून नेलं म्हणून वापरलेलं असतं. नव्या वर्षी वेळ एकदम दुप्पट होते आणि तो धरणारा हातही बदललेला असतो.

पहिल्या दिवशी फाटकापाशी रडारड चालली होती. एक मुलगा तर वडिलांच्या गळ्याला मिठी मारून सुटायलाच तयार नव्हता. आमची मात्र हात हलवत आत गेली. मागे वळूनही पाहिलं नाही. टीचर म्हणाल्या, "एकदम शहाणी आहे हो." शेजारणी म्हणाल्या, नशीबवान आहेस. मिरगाचा पाऊस सुरू झाला होता, ती रोज नवा रेनकोट घालून उड्या मारत व्हॅनकडे जायची. रडत नाही म्हणजे रुळली, असं घरात सगळ्यांनी मानलं. आज मी प्रत्येक आईबापाला कळकळीनं सांगते, की रडणारं मूल निदान काहीतरी सांगत असतं. त्याच्याकडे टीचरचं लक्ष जातं, मावशी त्याला उचलून घेतात. न रडणाऱ्या, शहाण्या म्हटल्या गेलेल्या मुलाकडे जास्त बारकाईनं बघा. शहाणं म्हटलं गेलेलं मूल काही मागायला बिचकतं.

पहिली खूण सासूबाईंच्या लक्षात आली. त्या दुपारी दप्तर आवरायच्या. एकदा म्हणाल्या, "अगं, बाटली जशीच्या तशी परत येतीय बघ रोज." पाऊसपाणी, गारवा, त्यामुळे तहान लागत नसेल, अशी समजूत झाली. मग रात्री अंथरूण ओलं व्हायला लागलं. वर्षभरापूर्वी सुटलेली सवय परत आली. सकाळी "पोट दुखतंय" सुरू झालं. हे वाक्य शाळेच्या वेळेला मूल म्हणालं की त्यावर कुणाचा विश्वास बसत नाही, पण दुखणं खरं होतं. दुपारी घरी आल्यावर चिडचिड, जेवताना टाचेवर बसून डुलत राहणं. आणि मग एक दिवस ताप चढला. सर्दी नाही, खोकला नाही, घसा लाल नाही, अंगावर पुरळ नाही. पावसाळ्यात ताप म्हटलं की सगळे व्हायरलच म्हणतात.

आमच्या मुलांच्या डॉक्टरांनी घसा, कान, छाती तपासली आणि मग विचारलं, "शाळेतनं घरी आली की पहिल्यांदा काय करते?"

"दप्तर टाकून बाथरूमकडे पळते."

"शाळेत जाते का शूला?"

याचं उत्तर घरात कुणाकडेच नव्हतं. डॉक्टरांनी तिलाच विचारलं. ती माझ्या ओढणीत तोंड खुपसून म्हणाली, "तिथलं पाणी ओरडतं. आणि गाठ सुटत नाही."

दोन वाक्यांत सगळं आलं. शाळेतलं कमोड मोठ्या माणसांच्या मापाचं होतं. फ्लश दाबला की बंद खोलीत मोठा आवाज व्हायचा, शेजारच्या खोलीत कुणी दाबला तरी. बसलं की आपण आत पडू असं तिला वाटायचं. आणि पावसाळ्यात घालायच्या ट्रॅकपँटला नाडी होती. व्हॅनच्या घाईत सकाळी ती घट्ट बांधली जायची, कारण पँट कमरेला ढगळ होती, खाली घसरायची. चार वर्षांच्या बोटांना ती ओली, आवळलेली गाठ सोडवणं शक्यच नव्हतं. मग पोरीनं आपल्या परीनं उपाय काढला. पाणीच प्यायचं नाही, म्हणजे शू येणार नाही.

लघवीची तपासणी केली, कल्चर केलं, जंतुसंसर्ग निघाला. औषधांचा पूर्ण कोर्स झाला, सोनोग्राफी झाली, सगळं ठीक निघालं. ती आता ठणठणीत आहे. पण त्या निमित्तानं डॉक्टरांनी जे समजावून सांगितलं ते लहान मुलांच्या प्रत्येक घरात माहीत असायला हवं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

लघवी वेळच्या वेळी होत राहिली की मूत्रमार्गात शिरलेले जंतू तिच्याबरोबर धुऊन निघतात. तासन् तास धरून ठेवली की त्याच जंतूंना मूत्राशयात वाढायला वाव मिळतो. पाणी कमी प्यायलं की लघवी कमी, म्हणजे धुऊन निघणंही कमी. मुलींचा मूत्रमार्ग आखूड असतो, त्यामुळे त्यांना हा त्रास मुलांपेक्षा जास्त होतो. यात भर पडते बद्धकोष्ठाची. सकाळच्या घाईत शी राहून जाते, शाळेत करायची नसते, मग ती कोरडी आणि टणक होते. भरलेल्या आतड्याचा दाब शेजारच्या मूत्राशयावर पडतो, ते नीट रिकामं होत नाही, थोडी लघवी आत शिल्लकच राहते. म्हणून लघवीचा त्रास घेऊन गेलं तरी चांगले डॉक्टर आधी पोट साफ होतं का ते विचारतात. आमच्याकडे दोन्ही गोष्टी हातात हात घालून आल्या होत्या.

टाचेवर बसणं ही धरून ठेवण्याची ओळखीची खूण आहे. मूल खेळता खेळता मध्येच उकिडवं बसतं, टाच खाली दाबून धरतं, क्षणभर स्तब्ध होतं आणि पुन्हा खेळायला लागतं. घरात याला लाडानं नाच म्हणतात, खोड म्हणतात. पाय एकमेकांवर घट्ट घेणं, फ्रॉक मुठीत धरणं, तेही त्यातलंच. सुटलेलं अंथरूण ओलं करणं परत सुरू होणं, चड्डीला सतत थोडा ओलावा असणं, लघवीला उग्र वास येणं, जळजळ होते म्हणून रडणं, वारंवार थेंब थेंब होणं, आणि सर्दी-खोकल्याशिवाय येणारा ताप, यांतलं काही दिसलं तर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा. तपासणीसाठी लघवी घेताना जागा पाण्यानं धुऊन, सुरुवातीची थोडी सोडून, मधली धार लॅबनं दिलेल्या निर्जंतुक डबीत घ्यायची. आणि घरात उरलेलं अँटिबायोटिक मनानं कधीही देऊ नका. ते आधीच पोटात गेलं तर कल्चरमध्ये जंतू उगवत नाहीत आणि नेमकं औषध ठरवणं अवघड होतं.

भरलेली बाटली म्हणजे आजारच, असं मला सुचवायचं नाही. पुष्कळ मुलं खेळण्याच्या नादात पाणी विसरतात. पण रोज भरलेली बाटली आणि घरी आल्या आल्या बाथरूमकडे धाव, या दोन गोष्टी एकत्र दिसल्या तर विचारपूस करायलाच हवी.

आता तयारीबद्दल. दुकानातून आणलेल्या वस्तू पंधरा जूनला सकाळी पहिल्यांदा अंगावर चढवायच्या, हे बंद करा. शाळा सुरू होण्याच्या आठ-दहा दिवस आधी घरातच रंगीत तालीम घ्या. पूर्ण युनिफॉर्म, बूट-मोजे, वरून रेनकोट. आणि मग मुलाला म्हणा, आता एकट्यानं शूला जाऊन ये. दारात उभं राहा, मदत करू नका, नुसतं बघा. पट्टा सुटतो का? हूक निघतो का? चेन अडकते का? ओली पँट वर ओढता येते का? जिथे अडेल तिथे मुलाला दोष न देता कपडा बदला. नाडीच्या जागी सरळ इलास्टिक घालून घ्या, शिंपी लगेच करून देतो. हुकाऐवजी चिकटपट्टी, बुटांनाही चिकटपट्टीचा पट्टा. युनिफॉर्मवर पट्टा सक्तीचा असेल तर शाळेशी बोला. एवढ्या लहान मुलांना पट्टा सोडून पुन्हा लावता येत नाही, हे टीचरनाही चांगलं माहीत असतं. बहुतेक ठिकाणी ऐकतात.

बाटलीचंही तसंच. कार्टूनचं चित्र असलेली, बटण दाबलं की नळी वर येणारी बाटली मुलांना फार आवडते, पण नव्या बाटलीचं बटण इतकं घट्ट असतं की माझाही अंगठा दुखला. मूल वर्गात दोनदा प्रयत्न करतं आणि बाटली दप्तरात ठेवून देतं. दुकानातच मुलाच्या हातात द्या, त्याला उघडू द्या, त्याला लावू द्या. लावता आली नाही तर दप्तरात सांडते, वही भिजते, ओरडा बसतो आणि दुसऱ्या दिवसापासून बाटली उघडणंच बंद. डब्याचं झाकण, त्याच्या दोन्ही बाजूंच्या क्लिपा, आतली छोटी डबी, सगळं त्याच हातांनी उघडून बघायचं. डब्यात सुरुवातीला नवं काही देऊ नका. चपातीचा गुंडाळलेला रोल, थालीपीठाचे तुकडे, शेंगदाण्याचा लाडू, हाताला चिकटणार नाही आणि दहा मिनिटांत संपेल इतकंच. केळं द्यायचं तर देठाकडून थोडं सोलून ठेवा.

सकाळची शी घरी व्हायलाच हवी, यावर मी आता हटून बसते. काही खाल्लं-प्यायलं की आतडी आपोआप हालचाल करायला लागतात, त्याचा फायदा घ्यायचा. उठल्यावर दूध किंवा नाश्ता, आणि त्यानंतर अर्ध्या तासाच्या आत निवांत बसवायचं. कमोड असेल तर पायांखाली पाट किंवा छोटं स्टूल हवं, पाय अधांतरी लोंबकळत असले की मुलाला जोर लावता येत नाही. यासाठी घरातून निघण्याआधी निदान तासभर जाग हवी. सुट्टीत आजोळी नऊला उठणाऱ्या पोराला एका दिवसात साडेसहाला उठवता येत नाही. जूनच्या सुरुवातीपासून रोज पंधरा मिनिटं अलीकडे सरकायचं, आणि हे जमवायचं तर रात्रीचं झोपणंही सरकवायला लागतं. मोठ्यांचा टीव्ही चालू ठेवून ते होत नाही.

घरात फक्त बसकं भांडं असेल तर मुलाला कमोडची ओळख द्या, आणि फक्त कमोड असेल तर उलट. नातेवाइकांकडे, हॉटेलात, एसटी स्टँडवर गेलात की वेगवेगळी बाथरूम दाखवा. पुढे सरकून बसायचं, दोन्ही हातांनी कडा धरायची, फ्लश उठल्यानंतर आणि हवा असेल तर कानावर हात ठेवून दाबायचा, नाही दाबला तरी चालेल. मुलींना पुसायचं ते पुढून मागे, धुतानाही तसंच, हे आत्ताच शिकवा. मुलगे यातून सुटले असं नाही. उंचावर लावलेल्या युरिनलपर्यंत जे पोचत नाहीत ते मुलगेही धरून ठेवतात.

आणि शाळा सुरू होण्याआधी मुलाला घेऊन शाळेत जा आणि नवं बाथरूम त्याला दाखवा. वर्ग दाखवतात, खेळघर दाखवतात, बाथरूम दाखवत नाहीत. तुम्ही मागून घ्या. वर्गाच्या दारापासून बाथरूमपर्यंत मुलाला चालत जाऊ द्या. दाराची कडी आतून लागते का बघा, लागली तर मूल अडकू शकतं. फरशी ओली असते का, दिव्याचं बटण कुठे आहे, पाणी कुठल्या उंचीवर आहे, सगळं बघा. आम्ही नंतर टीचरशी बोललो तेव्हा त्यांनी फार मनापासून ऐकून घेतलं. एका वर्गात एवढी पोरं, सोबत एकच मावशी, कोण गेलं आणि कोण गेलं नाही हे त्यांनी डोक्यात ठेवावं ही अपेक्षा अवाजवी आहे. पण व्यवस्था बदलता येते. डब्याच्या सुट्टीआधी आणि व्हॅन निघण्याआधी सगळ्या मुलांना ओळीनं नेऊन आणायचं असं त्यांनी ठरवलं. ‘कुणाला जायचंय?’ असा प्रश्न न विचारता सगळ्यांनीच जायचं. लाजणारं मूल प्रश्नाला हात वर करत नाही, रांगेत मात्र बिनबोभाट उभं राहतं. कमोडसमोर एक बुटकं स्टूल आलं, आणि लहान मुलं आत असताना फ्लश मावशी नंतर दाबतात. या कशालाही फार पैसे लागले नाहीत.

मूल घरी जे शब्द वापरतं ते टीचरना सांगा. इंग्रजी माध्यमाच्या वर्गात पहिल्या आठवड्यापासून ‘मे आय गो टू वॉशरूम’ म्हणायला शिकवतात. शिकवू देत. पण ते वाक्य आठवेपर्यंत मूल थांबलं पाहिजे असा नियम कुठल्याच शाळेत असू नये. मूल ‘शू आली’ म्हणालं तरी, नुसती करंगळी दाखवली तरी, त्याला लगेच सोडायचं, हे पालकसभेत स्पष्ट बोलून घ्या. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानं या वयात मुलाच्या घरच्या भाषेला पहिलं स्थान दिलंय. आणि त्याच आराखड्यातलं अगदी पहिलं उद्दिष्ट काय आहे, तर मुलांना निरोगी आणि सुरक्षित राखणाऱ्या सवयी लागाव्यात. अक्षरओळख, आकडे हे सगळं त्यानंतर. तेव्हा पालक या नात्यानं बाथरूमबद्दल विचारताना मुळीच संकोच करू नका. तुम्ही अभ्यासाबद्दलच विचारताय.

ही काही नवी गोष्टही नाही. मारिया माँटेसरींनी १९०७ मध्ये रोममध्ये बालगृह सुरू केलं, त्यात बटणं, हूक, नाड्या यांच्या चौकटी केल्या होत्या, केवळ मुलांनी सोडायची-बांधायची सवय करावी म्हणून. पाणी ओतणं हासुद्धा तिथे पाठ होता. गिजुभाई बधेकांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर उभं केलं, पुढे ताराबाई मोडक त्यांच्या कामात आल्या, आणि ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डीला येऊन ते काम आपल्या खेड्यापाड्यांत रुजवलं. बोर्डीत आणि नंतर कोसबाडला अनुताई वाघांसोबत त्यांनी जी बालवाडी चालवली तिथे दिवसाची सुरुवात पाटी-पेन्सिलनं होत नसे. मुलांची अंघोळ, नखं, केस, हातपाय धुणं, हे त्या शिक्षणाचा भाग होतं. मुलं बालवाडीपर्यंत येत नव्हती तर त्यांच्या अंगणात जाऊन त्यांनी वर्ग भरवला. ज्या बायकांनी महाराष्ट्राला बालवाडी दिली त्यांनी आधी मुलाच्या शरीराची काळजी घेतली, आणि आज आपण जूनच्या आधी पोराला ए टू झेड येतं का याची उजळणी घेत बसतो. मला याचं मनापासून वाईट वाटतं.

वयाचाही विचार करा. महाराष्ट्रात २०२० च्या शासन निर्णयानुसार नर्सरीच्या प्रवेशासाठी ३१ डिसेंबरला ३ वर्षं पूर्ण असावी लागतात. याचा अर्थ डिसेंबरात जन्मलेलं मूल जूनमध्ये अडीच वर्षांचंच असतं, आणि त्याच्या शेजारी बसलेलं मूल साडेतीनचं असू शकतं. पुढच्या वर्षी छोट्या शिशूतही हे अंतर तेवढंच राहतं. या वयात एक वर्ष म्हणजे फार मोठा काळ. तुमचं मूल वर्गातल्या धाकट्यांपैकी असेल तर टीचरना तसं सांगा, आणि जादा चड्डी-पँट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दप्तरात ठेवा. मुलालाही सांगून ठेवा की कपडे ओले झाले तर मावशींना सांगायचं, कुणीही रागावणार नाही. हे सांगताना घरातही कुणी रागवायचं नाही, हे आलंच.

बाथरूमचा विषय निघालाच आहे तर आणखी एक गोष्ट. शाळेत मुलाला कोण मदत करतं, याची माहिती पालकांना असलीच पाहिजे. नाव, चेहरा, दोन्ही. मुलाला त्या मावशींची ओळख करून द्या आणि सांगा की तिथे मदत करायची ती याच करतील, दुसरं कुणी नाही. धुवायला मदत करणं आणि उगाच हात लावणं यातला फरक चार वर्षांच्या मुलाला साध्या शब्दांत सांगता येतो. ‘हे कुणाला सांगू नकोस’ असं कुणी म्हणालं तर तेच आधी घरी सांगायचं, एवढं पक्कं बिंबवा. बालकांच्या संरक्षणाचा पोक्सो कायदा २०१२ पासून आहे, मदतीसाठी १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक आहे. व्हॅनमध्येही बाई मदतनीस आहे का, हे विचारून घ्या.

निरोपाबद्दल थोडक्यात. मूल खेळात गुंतलं की हळूच निसटायचं, असं पुष्कळ जण सांगतात. करू नका. दुसऱ्या दिवसापासून ते तुमच्यावर डोळा ठेवून बसतं आणि कशातच रमत नाही. सांगून जा, लवकर जा, आणि परत कधी येणार ते घड्याळात न सांगता त्याच्या दिवसात सांगा: डबा होईल, मग गाणी, मग व्हॅन, मग आजी दारात.

घरी आल्यावर ‘आज काय शिकवलं?’ हा प्रश्न आमच्या घरातून गेला. त्याला ‘काही नाही’ हेच उत्तर मिळतं. आधी बाथरूम, पाणी, जेवण. मग कधीतरी, केस विंचरताना किंवा भाजी निवडताना, डबा कुणाशेजारी बसून खाल्ला, मावशींनी आज काय सांगितलं, असं काहीतरी विचारलं की मूल आपणहून बोलतं. लेक घरच्या बाहुल्यांची शाळा भरवायची तेव्हा एका बाहुलीला ती रोज ‘थांब, नंतर’ म्हणायची. असल्या खेळाकडे कान असू द्या.

बाकी नेहमीचं तुम्हाला ठाऊक आहेच. नखं काढलेली, लसीकरणाचं कार्ड तपासलेलं. पावसाळ्यात हात, पाय, तोंडावर फोड येण्याची साथ लहान मुलांच्या वर्गांत हमखास फिरते, तेव्हा अंगावर पुरळ आणि ताप असलेलं मूल घरी ठेवायचं, परीक्षा बुडत नाहीये.

ही तयारी जूनमध्ये एकदाच करून संपत नाही. गणपतीच्या सुट्टीनंतर आणि दिवाळीनंतर मुलं पुन्हा मागे जातात, मध्येच मावशी बदलतात, वर्गाची जागा बदलते, थंडीत स्वेटर आणि जाड पँट आली की पुन्हा नवी बटणं येतात. प्रत्येक वेळी एकदा घरात तालीम घ्या आणि पहिला आठवडाभर दप्तरातून बाटली काढली की हातात तोलून बघा. रिकामी परत यायला हवी असं नाही, अर्धी संपली तरी पुरे. विदर्भात शाळा थोड्या उशिरा, जूनच्या अखेरीस सुरू होतात, त्यामुळे तिकडच्या आईबापांच्या हातात आणखी काही दिवस आहेत. तोवर नाडी काढून इलास्टिक घालून घ्या.